हिपॅटायटिस बी-सीच्या रिपोर्टवर एनएलआर, पीएलआर छापायचे का?

पंचवटी_लॅब

नमस्कार मंडळी. प्रश्न लॅबवाल्यांना आहे आणि यकृताचे पेशंट बघणाऱ्या डॉक्टरांनाही.

आमचं काउंटर, म्हणजे रक्तपेशी मोजणारं मशीन, थ्री-पार्ट आहे; पांढऱ्या पेशी ते तीनच गटांत मोजतं. शहरातल्या सॅम्पलशिवाय दिंडोरी, पेठ आणि सुरगाण्याहून दुपारच्या गाडीने सॅम्पल येतात. हिपॅटायटिस बी किंवा सी पॉझिटिव्ह पेशंटच्या सीबीसीखाली एनएलआर (न्यूट्रोफिल ÷ लिम्फोसाइट), पीएलआर (प्लेटलेट ÷ लिम्फोसाइट), एलएमआर (लिम्फोसाइट ÷ मोनोसाइट) आणि आरपीआर (लाल पेशींच्या आकारातली तफावत म्हणजे आरडीडब्ल्यू ÷ प्लेटलेट) अशी चार गुणोत्तरं छापावीत आणि पुढे 'सौम्य / मध्यम / तीव्र' असा शेरा द्यावा, अशी दोन फिजिशियनची मागणी आहे. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, फॉर्म्युला टाकायचं काम दहा मिनिटांचं. रीएजंटचा खर्च शून्य, त्यामुळे मोह होतो.

पण हा रिपोर्ट बघा. पुरुष, वय ४६, हिपॅटायटिस सी. पांढऱ्या पेशी ३,८००. न्यूट्रोफिल ५६, लिम्फोसाइट ३४, मिड १० टक्के. प्लेटलेट १.१० लाख. आरडीडब्ल्यू १६.५. यकृताची एन्झाइम: एसजीओटी ८८, एसजीपीटी ६४. एनएलआर आला १.६५, म्हणजे धडधाकट माणसाचा. पीएलआर ८५. सोनोग्राफीत मात्र यकृत खडबडीत आणि प्लीहा १५ सेंमी. इथे 'सौम्य' छापलं असतं तर?

१) चारपैकी कुठलं गुणोत्तर छापण्याच्या लायकीचं आहे?
२) कटऑफ कुठला धरायचा?
३) थ्री-पार्ट मशीनवर हे करावं का?

---

स्मिअर_आधी

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचे दोन त्यावरच उभे आहेत.

थ्री-पार्टमधल्या 'मिड'ला मोनोसाइट समजू नका. त्या डब्यात मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल, कधीकधी अपरिपक्व पेशी, सगळे एकत्र पडतात. तुमच्याच रिपोर्टवर एलएमआर काढा: ३४ भागिले १० म्हणजे ३.४. आता समजा स्मिअरमध्ये (काचेवर ओढलेला रक्ताचा पातळ थर) त्या दहापैकी ६ मोनोसाइट आणि ४ इओसिनोफिल निघाले, तर ३४ भागिले ६, म्हणजे ५.७. पेशंट तोच, नळी तीच. जंतांचं प्रमाण जिथे जास्त तिथे इओसिनोफिल वाढलेले असतात आणि मिड फुगतो. त्यामुळे थ्री-पार्टवर एलएमआर छापायचाच नाही, हा निर्णय आजच घेऊन टाका.

मग मॅन्युअल डिफरन्शियल (स्मिअरवर हाताने पेशी मोजणं) करून काढू म्हणाल, तर तिथे दुसरी अडचण. आपण १०० पेशी मोजतो. शंभरात ६० न्यूट्रोफिल आले, तर खरा आकडा ५० ते ७० च्या मध्ये कुठेही असू शकतो (९५ टक्के खात्रीने). ३० लिम्फोसाइट म्हणजे साधारण २१ ते ४०. म्हणजे ज्या स्मिअरवर एनएलआर २ आला, तिथे खरा आकडा १.२५ असेल किंवा ३.३ सुद्धा. मोनोसाइट ६ आले तर पल्ला २ ते १३. गुणोत्तर काढायचंच असेल तर किमान २०० पेशी मोजा, किंवा फाइव्ह-पार्ट मशीन वापरा, ते हजारो पेशी मोजतं. आणि एनएलआर १.६५ असा दोन दशांशांपर्यंत छापण्यात काहीच अर्थ नाही. एक दशांश पुरे.

आता प्लेटलेट. यकृताच्या पेशंटमध्ये सगळा खेळ याच आकड्यावर चालतो, आणि सीबीसीतला सगळ्यात बेभरवशाचा आकडाही हाच.

– ईडीटीएमध्ये (नळीतलं रक्त गोठू न देणारं रसायन) काही लोकांच्या प्लेटलेटचे पुंजके होतात. मशीन पुंजका मोजत नाही किंवा पांढरी पेशी म्हणून मोजतं. १.५० लाखाच्या खालचा प्रत्येक आकडा स्मिअरवर बघा, विशेषतः कडेला आणि शेपटीला. पुंजके दिसले तर निळ्या टोपणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा रक्त घ्या, लगेच मोजा आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणा. त्या नळीत ०.३ मिली सायट्रेट आणि २.७ मिली रक्त असतं, म्हणजे रक्त एक दशांशाने पातळ झालेलं असतं. गुणायचं विसरलं की पेशंटच्या प्लेटलेट उगाच दहा टक्क्यांनी कमी दिसतात.
– मोठ्या प्लेटलेट इम्पीडन्स (विजेच्या अडथळ्यावरून पेशी मोजणाऱ्या) मशीनच्या मर्यादेबाहेर जातात, काउंट खोटा कमी येतो.
– लोहाची कमतरता असलेल्यांच्या बारीक लाल पेशी आणि तुकडे प्लेटलेट म्हणून मोजले जातात, काउंट खोटा जास्त येतो. हा जास्त घातक. सिरॉसिसचा पेशंट पोटात थोडं थोडं रक्त झिरपून लोहाने कमी झालेला असतो, त्याच्या खऱ्या ९० हजारांचे मशीन १.३० लाख दाखवतं आणि सगळे स्कोअर गोड दिसायला लागतात.

पडताळणी सोपी आहे. मायक्रोस्कोपच्या तेलाच्या भिंगाखाली, पेशी एकमेकींना जेमतेम टेकलेल्या भागात दहा फील्ड मोजा, सरासरीला १५ ते २० हजारांनी गुणा. मशीनशी अंदाजे जुळलं तर ठीक. निम्म्याने फरक असेल तर रिपोर्ट थांबवा.

हिपॅटायटिस सी मध्ये एक खास भानगड: क्रायोग्लोब्युलिन. थंडीत ही प्रथिनं गोळा होतात आणि मशीन त्या कणांना पांढरी पेशी किंवा प्लेटलेट समजतं. आइसबॉक्समधून आलेल्या नळीचा काउंट स्मिअरशी जुळेना, की नळी ३७ अंशांवर ऊबवून पुन्हा चालवा. आकडा बदलला तर कारण कळलं.

पेठ-सुरगाण्याच्या सॅम्पलबद्दल. ईडीटीएमध्ये तास जातील तशा लाल पेशी फुगतात, एमसीव्ही (लाल पेशीचं सरासरी आकारमान) वाढतो, त्यामागे आरडीडब्ल्यू. प्लेटलेटही फुगतात, त्यामुळे एमपीव्ही (प्लेटलेटचं सरासरी आकारमान) सरकतो. खोलीच्या तापमानात चार ते सहा तासांत मोजून व्हायला हवं. ते शक्य नसेल तर २ ते ८ अंशांवर ठेवून २४ तासांच्या आत. आरपीआर काढायचा असेल तर शिळं सॅम्पल घेऊच नका. सेंटरवरच्या मुलाला एवढं सांगा: २ मिलीच्या नळीत २ मिलीच रक्त, अर्धी नळी चालणार नाही, आठ-दहा वेळा हळू उलटीपालटी, स्मिअर तिथेच ओढून वाळवायचा, नळी बर्फाच्या पॅकला थेट टेकवायची नाही, मध्ये कापड किंवा पुठ्ठा. गोठून फुटलेल्या रक्तात एसजीओटी खोटं वाढतं, कारण लाल पेशीतही ते असतं. एसजीओटीसाठी सिरम सेंटरवरच वेगळं करून पाठवलं तर उत्तम.

आणि आरडीडब्ल्यू १६.५ बघून लगेच यकृताकडे बोट दाखवू नका. लोह, बी-१२, फोलेट यांची कमतरता, दारू, नुकतंच चढवलेलं रक्त, रिबाविरिन या सी वरच्या औषधामुळे फुटणाऱ्या लाल पेशी, सिकलसेल, ही सगळी मंडळी आरडीडब्ल्यू वाढवतात. आदिवासी पट्ट्यातल्या सॅम्पलला हे विसरून चालणार नाही.

---

यकृतकट्टा

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत, म्हणून मोजणी बरोबर आहे असं धरून पुढे बोलतो.

तुमचा ४६ वर्षांचा पेशंट एनएलआरच्या परीक्षेत पास झाला, यात मशीनचा दोष नाही. प्रश्नपत्रिकाच चुकीची आहे. सिरॉसिसमध्ये पोर्टल शिरेतला दाब वाढतो, प्लीहा मोठी होते आणि रक्तपेशी अडवून ठेवते. न्यूट्रोफिलही अडतात, लिम्फोसाइटही. अंश आणि छेद दोन्ही एकदम घटले की भागाकार जागचा हलत नाही. पीएलआरचं तेच: वरती प्लेटलेट कमी, खाली लिम्फोसाइट कमी, उत्तर 'नॉर्मल'. पांढऱ्या पेशी ३,८०० आणि प्लेटलेट १.१० लाख हे दोन सुटे आकडे जे ओरडून सांगत होते, ते भागाकाराने पुसून टाकलं.

प्लेटलेट इतक्या का घसरतात? निरोगी माणसात साधारण एक तृतीयांश प्लेटलेट प्लीहेत असतात. प्लीहा खूप वाढली की हा वाटा ९० टक्क्यांपर्यंत जातो. शिवाय प्लेटलेट तयार करायला सांगणारं थ्रॉम्बोपोएटिन मुख्यतः यकृतच बनवतं. यकृत थकलं की आदेशही कमी पडतात. हिपॅटायटिस सी चा विषाणू अस्थिमज्जेलाही दाबतो. त्यामुळे फायब्रोसिस (यकृतातले व्रण) मोजणाऱ्या जवळजवळ प्रत्येक स्वस्त सूत्रात प्लेटलेट छेदात बसलेल्या दिसतील. ज्या सूत्रात छेदात प्लेटलेट आणि अंशात आजाराबरोबर वाढणारी गोष्ट, ते सूत्र काम करतं. आरपीआर त्यात बसतो: आरडीडब्ल्यू वाढतो, प्लेटलेट घटतात, दोन्ही एकाच बाजूला ढकलतात. २०१३ मध्ये हिपॅटायटिस बी साठी तो याच कल्पनेवर मांडला गेला. तुमच्या पेशंटमध्ये १६.५ भागिले ११० म्हणजे ०.१५. पण आरडीडब्ल्यूच्या भानगडी वर आल्याच आहेत, म्हणून त्यावर एकट्यावर निर्णय नको.

त्यापेक्षा ज्यांच्यामागे मार्गदर्शक सूचनांचं बळ आहे ती दोन सूत्रं वापरा.

एपीआरआय = (एसजीओटी ÷ लॅबची एसजीओटीची वरची मर्यादा) ÷ प्लेटलेट हजारांत × १००
फिब-४ = (वय × एसजीओटी) ÷ (प्लेटलेट हजारांत × एसजीपीटीचं वर्गमूळ)

पहिलं २००३ मध्ये हिपॅटायटिस सी साठी आलं, दुसरं २००६ मध्ये एचआयव्ही आणि सी एकत्र असलेल्या रुग्णांवरून. तुमचा पेशंट: मर्यादा ४० धरली तर ८८/४० = २.२, त्याला ११० ने भागून १०० ने गुणलं की २.० बरोबर. फिब-४: ४६ × ८८ = ४,०४८; ११० × ८ = ८८०; उत्तर ४.६. आपल्याकडच्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात (२८ जुलै २०१८ पासून सुरू) सी च्या पेशंटमध्ये एपीआरआय २ च्या वर किंवा फिब-४ ३.२५ च्या वर असेल तर सिरॉसिस धरून पुढची तपासणी होते. इथे एपीआरआय नेमका काठावर, फिब-४ मात्र ठणठणीत पलीकडे. यावर औषधही बदलतं: सिरॉसिस नसेल तर सोफोसबुविर-डॅक्लाटासविर १२ आठवडे, यकृताचं काम अजून भागतंय अशा सिरॉसिसमध्ये सोफोसबुविर-वेलपाटासविर १२ आठवडे. म्हणजे काउंटरवरचा एक खोटा प्लेटलेट आकडा गोळीपर्यंत पोचतो.

एसजीओटीची वरची मर्यादा ४० ऐवजी ३५ छापत असाल तर हाच एपीआरआय २.३ होतो. म्हणून रिपोर्टवर मर्यादा लिहिलीच पाहिजे.

हिपॅटायटिस बी साठी कटऑफ वेगळे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या सूचनांत प्रौढांमध्ये एपीआरआय ०.५ च्या वर म्हणजे लक्षणीय फायब्रोसिस आणि १ च्या वर म्हणजे सिरॉसिसचा संशय; फायब्रोस्कॅनवर (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) अनुक्रमे ७ आणि १२.५ किलोपास्कल. २०१५ मध्ये सिरॉसिससाठी हा आकडा २ होता. जुना तक्ता भिंतीवर लावलेला असेल तर काढा.

मग एनएलआर टाकाऊ का? नाही. त्याची जागा वेगळी आहे. जुन्या हिपॅटायटिस बी वर अचानक तीव्र घसरण होते, बिलिरुबिन ५ च्या वर, आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) १.५ च्या वर, चार आठवड्यांत पोटात पाणी किंवा गुंगी, तिथे एनएलआर बोलतो. सूज आणि संसर्गामुळे मज्जेतून न्यूट्रोफिल ओतले जातात, लिम्फोसाइट गळतात. पांढऱ्या पेशी १४,०००, न्यूट्रोफिल ८४, लिम्फोसाइट ८: एनएलआर १०.५. असा पेशंट धोक्यात आहे. अशा रुग्णांसाठी वापरला जाणारा क्लिफ-सी स्कोअरही वय आणि निकामी झालेल्या अवयवांबरोबर पांढऱ्या पेशींचा आकडा घेतो, तो याच कारणाने. मात्र एनएलआर चढलेला दिसला की पहिलं काम संसर्ग शोधणं: पोटातलं पाणी काढून त्यात दर घनमिलिमीटरला २५० किंवा जास्त न्यूट्रोफिल आहेत का, लघवी, छातीचा फोटो, ब्लड कल्चर. आणि पेशंटला प्रेडनिसोलोन किंवा डेक्सा चालू आहे का ते विचारणं. स्टेरॉइडच्या डोसनंतर काही तासांतच लिम्फोसाइट घटतात, न्यूट्रोफिल वाढतात आणि एनएलआर आभाळाला टेकतो, यकृतात काहीही न बदलता.

तिसरी दिशा अजून उलटी. साध्या तीव्र कावीळीत, हिपॅटायटिस ए किंवा ई मध्ये, पांढऱ्या पेशी थोड्या कमी, लिम्फोसाइट वाढलेले, त्यातले काही वेडेवाकडे. एनएलआर १ च्या खाली जातो. तो 'सौम्य' नाही आणि 'तीव्र'ही नाही, तो फक्त विषाणूचा ठसा आहे. या पेशंटचं तीव्रतेचं मोजमाप म्हणजे आयएनआर आणि पेशंट किती शुद्धीवर आहे ते. आयएनआर १.५ च्या वर आणि बोलण्यात असंबद्धपणा, तर प्लेटलेट-लिम्फोसाइट सोडा आणि यकृताची सोय असलेल्या ठिकाणी हलवा.

एकच गुणोत्तर एका आजारात खाली, दुसऱ्यात स्थिर, तिसऱ्यात वर. त्यापुढे सॉफ्टवेअर एकच शेरा कसा छापणार?

---

पेठरोड_टेक

थोडं सॉफ्टवेअरबद्दल, इथेच सगळे घसरतात.

आपल्या रिपोर्टवर प्लेटलेट लाखांत असतात. सूत्राला हजारांत हव्यात. १.१० तसंच गेलं तर वरच्या पेशंटचा फिब-४ ४६० येतो, १,१०,००० गेलं तर ०.००४६. पहिली चूक लगेच लक्षात येते, दुसरी 'धोका कमी' म्हणून निघून जाते.

आरडीडब्ल्यू दोन असतात, सीव्ही आणि एसडी. आरपीआरला सीव्ही लागतो, टक्क्यांतला. एसडी ५२ असा घेतला तर ०.१५ च्या जागी ०.४७ येतो.

वयाचा रकाना रिकामा राहिला की काही सॉफ्टवेअर शून्य धरतात. शून्य गुणिले काहीही शून्य, फिब-४ शून्य, खाली हिरवा शेरा. वय नसेल तर स्कोअरच छापायचा नाही अशी अट घाला.

सीबीसी आजचा आणि एसजीओटी मागच्या महिन्याचं, असं जोडू देऊ नका. एकाच वेळच्या रक्ताचं दोन्ही पाहिजे.

---

पंचवटी_लॅब

खूप उपयोगी, आभार. 'सौम्य / तीव्र'चा शेरा रद्द. दोन प्रश्न उरले.

एक, पावसाळ्यात डेंग्यू आणि कावीळ दोन्हींचे सॅम्पल सोबत येतात. प्लेटलेट सगळ्यांच्याच कमी. मग एपीआरआयचं काय?

दोन, गरोदर बायकांच्या रिपोर्टवर हे छापावं का?

---

यकृतकट्टा

डेंग्यूत एपीआरआय आणि फिब-४ दोन्ही थापा मारतात. तिथे प्लेटलेट पडतातच, शिवाय एसजीओटी एसजीपीटीपेक्षा जास्त वाढतं. म्हणजे अंश फुगतो आणि छेद आकसतो. समजा २८ वर्षांचा मुलगा, एसजीओटी २४०, एसजीपीटी १२०, प्लेटलेट ४२ हजार. एपीआरआय १४.३, फिब-४ १४.६. कागदावर हा पक्का सिरॉसिस. ताप उतरून तीन-चार आठवड्यांनी एसजीओटी ३४, एसजीपीटी ३६, प्लेटलेट २.३५ लाख: एपीआरआय ०.३६, फिब-४ ०.६८. लेप्टो आणि मलेरियातही असाच घोळ. ताप चालू असताना हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आढळला तर स्कोअर नंतर काढा. बी ची स्वतःची उसळी असेल, एसजीपीटी ८००-९०० वगैरे, तेव्हाही तेच. ती बसल्यावर पुन्हा मोजा.

उलट बाजूही लक्षात घ्या. सी चं औषध पूर्ण झाल्यावर एसजीओटी झपकन नॉर्मल होतं आणि फिब-४ खाली येतो. त्यातला बराच भाग सूज उतरल्याचा, व्रण विरघळल्याचा नव्हे. सिरॉसिस होता त्याची दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चालूच ठेवायची.

वयाचंही एक: ३५ च्या खाली फिब-४ नीट चालत नाही, आणि ६५ च्या वर नुसत्या वयामुळेच वाढतो.

गरोदरपणात एनएलआर छापू नका. न्यूट्रोफिल त्या काळात नैसर्गिकरीत्याच वाढतात आणि प्लेटलेट थोड्या घटतात. आणि ज्या आजाराची खरी भीती, तो हिपॅटायटिस ई, शेवटच्या तिमाहीत २० ते २५ टक्क्यांपर्यंत जीव घेऊ शकतो. तिथे आयएनआर त्याच दिवशी हवा. लॅब म्हणून तुम्ही करू शकता ते हे: कावीळ असलेल्या गरोदर बाईच्या सॅम्पलवर आयएनआर मागितला नसेल तर डॉक्टरांना फोन करून विचारा. पाच वर्षांखालच्या मुलांनाही एनएलआर नको, त्यांच्यात लिम्फोसाइट मुळातच जास्त असतात.

---

जेआर२_पॅथ

धाग्यात घुसतेय, माफ करा. आरोग्य विद्यापीठाला प्रबंधाचा सिनॉप्सिस द्यायचा आहे. विषय ठरतोय: हिपॅटायटिस बी मध्ये एनएलआर, पीएलआर, आरपीआर यांचा फायब्रोसिसशी संबंध, तुलना फिब-४ शी. वरचं सगळं वाचून धास्ती बसली. विषय बदलू का?

---

नाशिकरोड_आकडे

विषय बदलू नका, तुलना बदला.

फिब-४ मध्ये प्लेटलेट आहेत. पीएलआर आणि आरपीआरमध्येही आहेत. दोन्ही बाजूंना तीच राशी ठेवून संबंध काढला तर तो निघणारच, यकृत असो वा नसो. पाच-पन्नास बनावट आकडे घेऊन एक्सेलमध्ये करून बघा, सुरेख उतार दिसेल. परीक्षकाला हे कळलं तर तोंडी परीक्षेत तिथेच अडवतील, आणि कळायलाच हवं.

तुलना अशा गोष्टीशी करा जिच्यात रक्तपेशी नाहीत: बायोप्सी मिळाली तर उत्तम, नाहीतर फायब्रोस्कॅन. फायब्रोस्कॅनच्या नोंदीत उपाशीपोटी किमान तीन तास, दहा वैध मापनं आणि आयक्यूआर (मापनांच्या मधल्या निम्म्या भागाचा पल्ला) भागिले मध्यक ३० टक्के किंवा कमी, हे तीन रकाने ठेवाच. एसजीपीटी पाचपट वाढलेल्यांचं स्कॅन घेऊ नका, सुजेमुळेच यकृत कडक भासतं.

वगळण्याचे निकष आधी लिहा: मागच्या महिन्यातला ताप किंवा संसर्ग, स्टेरॉइड, रक्त चढवलेलं, लोहाची तीव्र कमतरता, दारू, गरोदरपण, एचआयव्ही, सिकलसेल. यातलं दारू वगळणं सगळ्यात अवघड जाईल, प्रश्नावली नीट ठेवा.

कटऑफ स्वतःच्या डेटावरून काढून त्याच डेटावर त्याची संवेदनशीलता सांगू नका. आधीच प्रसिद्ध असलेला कटऑफ तुमच्या रुग्णांवर लावा, किंवा अर्ध्यांवर काढून उरलेल्या अर्ध्यांवर तपासा. आणि शेवटी एकच प्रश्न विचारा: नुसती प्लेटलेट संख्या जेवढं सांगते, त्यापेक्षा गुणोत्तर काही जास्त सांगतं का? उत्तर 'नाही' आलं तरी प्रबंध होतो, आणि 'नाही' येण्याची शक्यता बरीच आहे.

---

स्मिअर_आधी

@जेआर२_पॅथ, ताई, एक व्यवहाराची गोष्ट. डेटा मागच्या रजिस्टरमधून गोळा करणार असाल तर सॅम्पल घेतल्यापासून मशीनवर लागेपर्यंत किती तास गेले, हे त्यात नसतं. पुढे जाऊन गोळा केला तर दोन्ही वेळा लिहिता येतात. आरपीआरसाठी तो रकाना नसेल तर आरपीआर विषयातून काढा.

---

पंचवटी_लॅब

मग रिपोर्टवर हे जातंय, बघून सांगा:

"एपीआरआय: __ (एसजीओटी वरची मर्यादा ४०). फिब-४: __. सीबीसी व एसजीओटी एकाच वेळचे. प्लेटलेट स्मिअरवर तपासल्या. ताप, तीव्र कावीळ, गरोदरपण यांत हे आकडे ग्राह्य नाहीत. निदान उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी करावे."

एनएलआर फक्त डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं तर, एक दशांश, शेऱ्याशिवाय, आणि तोही फक्त २०० पेशी मोजून. एलएमआर आणि पीएलआर बंद. आरपीआर पण सध्या बंद, बाहेरच्या सॅम्पलचा वेळ सुधारेपर्यंत.

---

पेठरोड_टेक

वय १८ च्या खाली आणि प्लेटलेट किंवा वय रिकामं असेल तर पूर्ण ओळच गायब व्हावी, रिकामी रेघ नको. रिकाम्या रेघेत कुणीतरी पेनाने आकडा भरतं.

---

स्मिअर_आधी

बाकी ठीक. "प्लेटलेट स्मिअरवर तपासल्या" हे वाक्य मात्र सॉफ्टवेअरमधून आपोआप येऊ देऊ नका. त्याला टिकमार्कचा चौकोन ठेवा, आणि तो ज्याने स्मिअर बघितला त्याच्याच लॉगिनवरून भरला जाऊ द्या.